दिवेलागणीनंतरचं विरजण

पाणी उतरल्यावर पाचव्या दिवशी आम्ही घरी परतलो, तर दार उघडेना. लाकूड फुगून चौकटीत रुतून बसलं होतं. ह्यांनी खांदा लावला, मी खालून फावड्यानं गाळ ओढला, तेव्हा कुठं माणूस तिरकं होऊन आत जाईल एवढी फट झाली.

"आधी तू जा," हे म्हणाले. "देव तुझ्याकडे आहेत."

देवांचा डबा मी पोटाशी धरला होता. छावणीत बारा दिवस तो माझ्या उशाशी होता. आत पाय टाकला तो घोट्याच्या वर गाळात गेला. फ्रिज दिवाणावर उताणा पडला होता, जणू थकून आडवा झालाय. स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे बंदच्या बंद होते, आणि प्रत्येकात झाकणापर्यंत नदीचं पाणी होतं. भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ आम्ही रंग देतानाही मुद्दाम ठेवली होती. नवी रेघ तिच्याहून वीतभर वर होती.

कृष्णामाई घरी आली की ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मी भरली होती. तांदूळ, नारळ, हिरवा खण. ती आली, राहिली, गेली. जाताना आपलं सगळं सामान इथंच विसरून गेली, एवढंच.

गाळ ओला आहे तोवर काढावा लागतो. एकदा वाळला की त्याचं सिमेंट होतं. म्हणून आमच्या गल्लीत आधी कुणीच आपापलं घर आवरत नाही. सगळे मिळून रांग लावतात. आतल्यानं घमेलं भरायचं, हातोहात पुढे द्यायचं, शेवटच्यानं गल्लीच्या तोंडाशी ओतायचं. आमच्या घराला नऊ जण होते. त्यात अक्काही होत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घर एकच, मधे चार इंची भिंत, पलीकडचा अर्धा भाग त्यांचा. त्या माझ्यापासून एक सोडून उभ्या होत्या. मधे गवळ्याच्या सूनबाई. सबंध दिवस घमेली त्यांच्या हातून सूनबाईंच्या हातात, आणि तिथून माझ्या हातात आली. थेट एकही आलं नाही. गल्लीला हे ठाऊक आहे. लोक न सांगता मधे उभे राहतात.

याचं कारण सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, दवाखान्यातून घरी आले होते. तोंडाला चव नव्हती. घरच्या दह्याचा भात खायची त्यांना इच्छा झाली. तेव्हा दोन्ही घरांच्या मधे दार होतं. अक्का वाटी घेऊन त्या दारात आल्या. "विभा, जरा विरजण दे गं. दूध कोमट करून ठेवलंय."

मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. दिवेलागणीनंतर घरातलं दूध-दही, विरजण, मीठ बाहेर द्यायचं नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. अक्कांनाही त्यांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "अक्का, दिवा लागलाय. पहाटे मी स्वतः आणून देते."

पहाटे मी वाटी घेऊन गेले तेव्हा भाऊजी नव्हते.

अक्का त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी गवंडी बोलावला आणि मधलं दार विटांनी चिणून घेतलं. दर दिवाळीला मी फराळाचं ताट पाठवते. ते परत येतं, घासून-पुसून लख्ख, आणि रिकामं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान साखरेची चिमूट तरी घालतात. हे माझ्याइतकंच अक्कांनाही माहीत आहे.

माझा नेम मात्र मी सोडला नाही. सव्वीस वर्षं झाली, तिन्हीसांजेचा दिवा चुकला नाही. छावणीत बादलीच्या झाकणावर लावला. पण दिवा लावून हात जोडले की दर वेळी ती रिकामी वाटी दिसते.

*

गाळ निघाला, भिंती मात्र ओल्याच राहिल्या. आधीच्या पुरांनंतर भिंती वाळायला सहा-सहा महिने लागत. रंगाचे पापुद्रे सुटत, काळी-हिरवी बुरशी चढे, आणि घराघरात खोकला सुरू होई. या वेळी जललेप मिळणार होता.

पूरमदत केंद्रातून स्वरा चौगुले नावाची मुलगी आली. पंचविशीची, पायात गुडघ्याइतके गमबूट, पाठीवर थर्मासासारखं भांडं. आधी तिनं भिंतीचा चिमूटभर चुरा काढून भांड्यात टाकला, वर तांदळाची कोमट पेज ओतली आणि झाकण लावलं.

"आठ तास लागतील, काकू. ऊबेला ठेवा."

"दही लावल्यासारखं?"

ती हसली. "सगळीकडच्या काकू हेच म्हणतात. आमच्या केंद्रातसुद्धा आता कुणी जललेप म्हणत नाही, विरजणच म्हणतात."

तिनं मला नीट समजावून सांगितलं. कोरड्या पडलेल्या खाऱ्या तळ्यांच्या तळाशी काही जिवाणू सापडले. हवेतला दमटपणा ओढून घेऊन ते जगतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात थोडा बदल केला, तेव्हा ते विटेच्या बारीक छिद्रांत शिरून रेशमासारखे धागे विणायला लागले. सगळे धागे एकाच दिशेनं, लेप लावलेल्या बाजूकडून आत, खोल. एक धागा पाण्याचा कण पकडतो आणि पुढच्याला देतो.

"तुम्ही गाळ काढायला रांग लावली होती ना? घमेली पुढे-पुढे? तसंच. ह्या भिंतीत अशा कोट्यवधी रांगा लागतील."

"आणि ढीग कुठं पडेल?"

"रांगेच्या दुसऱ्या टोकाला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. तिथं ऊन-वारा आहे, उडून जाईल. मागे फक्त पांढरं मीठ राहतं, ते खराट्यानं झाडायचं." मग तिनं बोटावर मोजून पथ्यं सांगितली. फिनेल नाही, साबण नाही, हळद तर अजिबात नाही. हळदीनं जिवाणू मरतात.

उंबऱ्याची पूजा मी रोज हळद-कुंकवानं करते. म्हटलं, महिनाभर नुसतं पाणी आणि फूल. देवाला कारण सांगितलं की देव ऐकतो.

एका घराला एकच भांडं मिळत होतं. पुढची खेप दिवाळीनंतर. स्वरा खोल्या मोजत मधल्या भिंतीपाशी आली आणि हातातल्या पडद्यावर बघत म्हणाली, "नकाशात हे एकच घर दिसतंय. ही आतलीच भिंत ना, काका? पलीकडची खोली?"

वाटणी तोंडी झाली होती. सिटी सर्व्हेला जाऊ, उतारा वेगळा करू, असं म्हणता-म्हणता वीस वर्षं गेली. कागदावर आमचं घर अजून एकच होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आतलीच," हे म्हणाले. "पलीकडच्या खोल्यांचं आम्ही नंतर बघू."

मी तिथंच उभी होते. बोलायला हवं होतं. पण आमची सायली आठव्या महिन्यात होती, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आणि बाळंतिणीला द्यायची खोली नेमकी त्या भिंतीला लागून होती. मी गप्प बसले. हे नंतर म्हणाले, खोटं मी बोललो. मला वाटतं आम्ही दोघंही बोललो.

*

लेप लावल्यापासून आठव्या दिवशी आमची भिंत पापडासारखी वाळली. बोटानं टकटक केली की खणखणीत आवाज येई. सायलीच्या खोलीत कोंदट वास नावालाही उरला नाही. हे भिंतीवर तळहात फिरवत होते. "बघ, मे महिन्यातल्यासारखी झालीय."

भिंतीपलीकडून खोकला येत होता.

अक्कांना दमा आहे, पावसाळ्यात त्या खोकतातच. पहिल्या दिवशी मी असंच म्हटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला तेव्हा मी नकळत मोजू लागले, आणि सत्तावीसवर पोचूनही तो थांबेना. मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला गेले, तर अक्कांच्या खिडकीतून आतली भिंत दिसली. चिणलेल्या दाराएवढा भाग काळा-हिरवा झाला होता. त्यावरून पाणी ओघळत होतं. पाऊस थांबून दोन आठवडे झाले होते.

चौथ्या दिवशी स्वरा तपासणीला आली. मीटर भिंतीला लावला. आकडा बघून खूश झाली, पुन्हा लावला, मग भिंतभर लावत गेली. दाराच्या जागी आली तेव्हा तिनं दोन्ही बाजूंच्या विटा वाजवून पाहिल्या.

"काकू, एवढ्या भिंतीतून तीनेकशे लिटर पाणी गेलंय. बाहेरची भिंत असती तर उन्हानं नेलं असतं. हे कुठं गेलं?"

तेवढ्यात पलीकडून खोकला आला. स्वरानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही आतली भिंत नाही."

"नाही," मी म्हटलं. "पलीकडे माझ्या जाऊबाई राहतात."

ती खुर्चीवर बसली. रागावली नाही, रागावली असती तर बरं वाटलं असतं. "म्हणजे रांगेचं टोक त्यांच्या खोलीत आहे. तुमचा सगळा ढीग त्यांच्याकडे पडतोय. आणि दार चिणलेल्या विटा नव्या, हलक्या. तिथून तर नळासारखा."

हे दारात उभे होते. "मग त्यांच्याही बाजूनं लावून टाक ना."

"भांडं कुठंय, काका? पुढची खेप दिवाळीनंतर. आणि त्यांची छाती तोवर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"काहीतरी उपाय असेल," मी म्हटलं.

उपाय होता. विरजणातून विरजण होतं. दिवसभर उन्हाच्या तापानं धागे विटेत आत आक्रसलेले असतात. तेव्हा खरवडलं तर नुसती टरफलं हाती येतात. संध्याकाळी हवा गार आणि दमट झाली की ते पृष्ठभागावर येतात, सायीसारखे. तासभरच. तेवढ्यात ते हलक्या हातानं खरवडायचे, पेजेत सोडायचे आणि अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या बाजूला लावायचे. तीच भिंत, तेच मीठ, त्यामुळे लगेच धरतील. दोन्हीकडून रांगा लागल्या की पाणी मधे कोंडेल आणि वर चढेल. छताखाली एक चीर पाडायची, तिथून निघून जाईल.

"पण तुमच्या बाजूचे निम्मे कमी होतील," स्वरा म्हणाली. "तुमची भिंत पुन्हा ओल धरेल. दोन महिने तरी."

"दोन महिने!" हे म्हणाले. "सायली तीन आठवड्यांत येतेय."

स्वरानं बूट चढवले. "लेप काढायची परवानगी मी कागदावर देते. चूक नोंदवताना माझं नावही लिहीन, मी पलीकडे जाऊन बघायला हवं होतं. बाकी तुम्ही ठरवा. आज हवा चांगली आहे, सव्वासहा ते सव्वासात."

ती गेल्यावर हे म्हणाले, "तुला काय वाटतं, मला वहिनींचं काही नाही? लहानपणी तापात त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलंय. पण नऊ वर्षं दारात उभं केलं नाही गं त्यांनी. भावाच्या वर्षश्राद्धाला मी बाहेरच्या बाहेर नमस्कार करून आलो."

"आठवतंय मला."

"आणि सायलीला काय सांगू? काकूच्या खोकल्यापायी तुझ्या बाळाला ओलीत ठेवतोय?"

"सायलीला मी सांगते. तिच्या सासरी थांबू दे, नाहीतर पुढच्या खोलीत खाट टाकू. तिची सोय होईल, अहो. अक्कांच्या छातीची कुठं करणार?"

ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. कोरड्या भिंतीला. थोड्या वेळानं म्हणाले, "एक कर. दिवा आज जरा उशिरा लाव. आधी ते देऊन ये, मग लाव. म्हणजे तुझा नेमही मोडायचा नाही."

त्यांना वाटलं ते मला वाट काढून देताहेत. खरंच देत होते. मलाही दुपारपासून तोच विचार छळत होता. साडेसहाला दिवा लागतो; पावणेसातला लावला तर आभाळ कोसळणार नाही. भांडं तोवर पलीकडे पोचलेलं असेल. नियम नियमाच्या जागी, अक्का अक्कांच्या.

मी पेज शिजवायला ठेवली. कोमट झाली तसं हातावर थेंब टाकून पाहिलं. सव्वासहाला भिंतीला हात लावला, तर ती खरंच मऊ लागली, फिकट पिवळसर, ओल्या रेशमासारखी. मी जुन्या कलथ्यानं वरून खाली हलकेच खरवडत गेले. हे पातेलं धरून उभे होते. दाराच्या जागेपाशी आले तेव्हा म्हणाले, "इथं नीट काढ. इथं जास्त धरलंय."

पातेलं भरलं. मी त्यावर ओलं फडकं टाकलं. घड्याळात साडेसहा झाले.

मी देवापाशी गेले. वात तेलात भिजवली आणि दिवा लावला.

"अगं," हे मागून म्हणाले.

हात जोडले. ती वाटी दिसली, नेहमीसारखी. देवाला मी म्हटलं, तुझी वेळ मी आजवर चुकवली नाही, आजही चुकवत नाही. पण तुझ्या आडून मी नऊ वर्षं उभी आहे, ते आता नको. त्या दिवशी दिवा लागल्यावर द्यायचं होतं ते मी दिलं नाही. आज दिवा लागायच्या आधी दिलं, तर तो हिशेब टाळल्यासारखा होईल, चुकता केल्यासारखा नाही. एवढं सांगून उठले, पातेलं घेतलं आणि उंबरा ओलांडला.

*

अक्कांनी दार उघडलं. एका हातानं पदर तोंडाशी, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली. खूप वाळल्या होत्या. त्यांच्या मागे, देवापाशी, दिवा तेवत होता.

"काय आहे?"

"विरजण," मी म्हटलं.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, आमच्या दारातून दिसणाऱ्या उजेडाकडे.

"दिवा लावलास?"

"लावला."

"मग?"

"मग आणलं."

त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. कागदावरचं एकच घर, आतलीच भिंत म्हटलेलं, पाणी कुणीकडून कुणीकडे जातंय ते. माझ्या गप्प बसण्याचंही सांगितलं. सांगताना कुठं थांबले नाही, कारण अर्धा तासच होता.

"म्हणजे तुमची ओल मी इतके दिवस पोसतेय," अक्का म्हणाल्या.

"हो."

"आणि मी मेली वारं लागलं म्हणून कृष्णामाईला बोल लावत होते." त्या बाजूला झाल्या. "चपला काढू नकोस, आत चिखल आहे. आणि ते पातेलं असं धरतेस होय? सांडेल. एवढी वर्षं झाली संसाराला."

लेप आम्ही दोघींनी लावला. एक ब्रश होता, तो अक्कांनी घेतला, मी हातानं. काळ्या भिंतीवर तो पांढरट पसरत गेला. दाराच्या जागी आलो तेव्हा पलीकडून कुणीतरी टकटक केलं. हे होते. आपल्या बाजूनं सारखं करत असावेत.

अक्कांनी ब्रशच्या दांड्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं.

"माझा दीर," त्या म्हणाल्या, "अजून भिंतीआडूनच बोलतो. लहानपणीही असाच. चूक केली की माडीवर लपायचा."

"ते सांगत होते मला, तापातलं. तुम्ही मांडीवर घेतलं होतं म्हणून."

त्यावर त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. लेप लागला तिथं.

जाताना मी दारात थांबले. भाऊजींचं नाव घ्यायचं मनात होतं. अक्का माझ्या आधी बोलल्या. "त्यांना दही सोसलंच नसतं, विभा. डॉक्टरनं बंद केलं होतं. मी चोरून लावणार होते." दिव्याकडे बघत म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर नऊ वर्षं मी कुणावर रागावले असते?"

मी घरी आले. त्या रात्री झोप लागली.

*

स्वरानं छताखाली चीर पाडून दिली. महिनाभर तिथून भिंत घामेजत राहिली. आमच्या बाजूला पुन्हा ओल चढली, सायलीनं सासरीच थांबायचं ठरवलं आणि फोनवर दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. माझ्याशी जेमतेम बोलली, म्हणाली, अक्काकाकूंना दे. अक्का फोन कानाशी धरून तासभर तिला डिंकाचे लाडू सांगत होत्या.

भिंत वाळत आली तसं मीठ वर आलं. सगळीकडे पातळ, पण दाराच्या कडेनं जाड, हलक्या विटांच्या नेमक्या रेषेत. दोन्ही बाजूंना सारखंच. चुन्यानं आखल्यासारखं एक आख्खं दार भिंतीवर उमटलं. मी खराटा घेऊन झाडायला गेले, तर हे म्हणाले, "राहू दे गं थोडे दिवस."

आश्विन लागला. एका संध्याकाळी मी दिवा लावून मागे वळते तो दारात अक्का उभ्या. श्वास सरळ होता. हातात माझं पातेलं, घासून लख्ख केलेलं, वर झाकण.

"परत करायला वेळ झाला," त्या म्हणाल्या.

मी पातेलं हातात घेतलं. ते रिकामं नव्हतं. झाकण उचलून पाहिलं, तर तळाशी दोन चमचे दही, घट्ट, कापलं तर वडी पडेल असं.

"अक्का, दिवा लागलाय," मी म्हटलं.

"माझाही लागलाय," अक्का म्हणाल्या. "दूध कोमट आहे का सांग."